टाकीला बूच मारू नका

परवा एका सोसायटीत गेले होते. सात वर्षांपूर्वी तिथली पावसाळी लाइन आम्ही टाकली होती. पार्किंगखाली पावसाचं पाणी थोपवायची टाकी आहे. तिचं झाकण उघडायला लावलं, तर आत काठोकाठ पाणी. आदले दोन दिवस पावसाचा थेंब नव्हता. "काका, ही रिकामी का होत नाहीये?" कमिटीतले काका अभिमानाने म्हणाले, "अहो मॅडम, खालच्या भोकातून सगळं पाणी वाहून जायचं. मागच्या वर्षी बूच मारलं. आता बागेला पुरतं."

काकांवर मला अजिबात राग आला नाही. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये टँकरची बिलं भरणाऱ्या माणसाला वाहतं पाणी बघवत नाही, हे मला समजतं. त्यांना ती टाकी कशासाठी आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. ताबा देताना लिफ्टची माहिती देतात, एसटीपीची (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची) देतात. या टाकीबद्दल एक कागदसुद्धा त्यांच्या हातात गेला नव्हता.

या टाकीचं काम म्हणजे जोराच्या पावसाचं पाणी थोडा वेळ धरून ठेवायचं आणि खालच्या भोकातून हळूहळू बाहेर सोडायचं. ते का लागतं, याचा आज जरा हिशोब मांडते. अडीच एकरांचा, म्हणजे एक हेक्टरचा प्लॉट धरा. तासाला ६० मिमीच्या वेगाने पाऊस कोसळतोय, म्हणजे प्लॉटवर तासाला ६ लाख लिटर पाणी पडतंय. तिथे शेत किंवा माळ होता तेव्हा त्यातलं साधारण ३० टक्के वाहून बाहेर जायचं, म्हणजे सेकंदाला ५० लिटर. बाकीचं मुरायचं, खाचखळग्यांत थांबायचं. आता तिथे स्लॅब, पोडियम, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आहेत. ९० टक्के पाणी बाहेर पडतं, सेकंदाला १५० लिटर. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावरून आणि पाइपांतून ते पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर गेटापाशी पोचतं. पूर्वीच्या ५० च्या वरचे सेकंदाला १०० लिटर फक्त अर्धा तास धरून ठेवायचे म्हटले तरी १ लाख ८० हजार लिटर जागा लागते. दहा हजारी टँकर धरले तर १८ टँकर. हा ढोबळ हिशोब आहे, खऱ्या डिझाइनला पावसाचा चढउतार मिनिटामिनिटाने मांडावा लागतो. पण आकार कळायला एवढं पुरे.

हार्वेस्टिंगची, म्हणजे पावसाचं पाणी वापरायला साठवायची टाकी भरलेली चांगली. पूर थोपवणारी टाकी पाऊस सुरू व्हायच्या आधी रिकामी असायलाच हवी. दोन्ही कामं एकाच टाकीकडून हवी असतील तर तिची उंची वाटून घ्यायची. खालचा भाग साठवणीला, त्याच्या वर आउटलेट, म्हणजे पाणी बाहेर सोडायचं भोक, आणि आउटलेटच्या वरची सगळी जागा मोकळी. हे ड्रॉइंगमध्येच ठरवावं लागतं. नंतर बूच मारून होत नाही. "रिचार्ज बोअर आहे ना, त्यात जाईल की" असंही खूप जण म्हणतात. रिचार्ज बोअर म्हणजे पाणी जमिनीत मुरवायची बोअर. रिचार्ज करायलाच हवं, पण आपल्या खाली काळा पाषाण आहे. तो पाणी पितो तो भेगांतून, हळूहळू. ढगफुटीसारख्या पावसात सेकंदाला १०० लिटर पाणी त्याच्या घशाखाली उतरत नाही.

आता त्या भोकाविषयी. सगळं डिझाइन तिथेच आहे. टाकीत दीड मीटर पाणी चढल्यावर सेकंदाला ५० लिटरच सोडायचे असतील तर साधारण १४० मिमी व्यासाचं भोक लागतं. वीतभरसुद्धा नाही. याच साइटवर मुकादमाने तिथे ३०० मिमीचा ह्यूम पाइप (काँक्रीटचा पाइप) बसवला होता. "मॅडम, एवढ्या बारीक भोकात कचरा अडकेल, म्हणून मोठा टाकला." ३०० च्या तोंडातून १४० च्या साडेचार पट पाणी जातं. म्हणजे लाखो रुपयांचं आरसीसी उभं केलं आणि टाकी पाणी थोपवणारच नाही! पण मुकादमाची काळजी खरी होती, बारीक भोक तुंबतंच. मग पाइपाच्या तोंडावर १४० चं भोक असलेली स्टीलची प्लेट बोल्टने बसवली, आधी गाळ बसायला एक चेंबर केला, पुढे जाळी लावली, आणि त्याहून मोठ्या पावसासाठी वर ओव्हरफ्लो ठेवला. अर्थात ती जाळी दर पावसाळ्यात साफ करणारा माणूस हवाच.

एवढं पोटतिडकीने का लिहितेय? २५ सप्टेंबर २०१९ ची पुण्यातली रात्र. आंबील ओढा कात्रजकडून अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंत घराघरांत घुसला. सोसायट्यांच्या भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, शहर आणि जिल्ह्यात मिळून २० हून अधिक माणसं गेली. नंतर ओढ्यातली अतिक्रमणं, राडारोडा, अरुंद कल्व्हर्ट (रस्त्याखालच्या मोऱ्या) यांवर बोललं गेलं आणि ते योग्यच होतं. वरच्या उतारांवरच्या प्लॉटांबद्दल मात्र फार कमी बोललं गेलं. प्रत्येक प्लॉट आपलं पाणी लवकरात लवकर गेटाबाहेर काढतो, आणि ती सगळी पाणी एकाच वेळी ओढ्यात भेटतात. याच ओढ्याचं पाणी अडवून नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीखाली तळं केलं होतं. त्या जागी आज सारसबाग आहे. पाण्याला थांबायला असलेल्या जागा अशाच एकेक करून गेल्या.

मुंबईने दादर-परळच्या हिंदमाता भागात हेच काम उलट्या टोकाने केलं. बशीसारखा सखल भाग, भरतीला पाणी समुद्रात जाईना, म्हणून प्रमोद महाजन कला पार्क आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधून पाणी तिकडे पंपाने न्यायला सुरुवात केली. चांगलं झालं. पण भरलेल्या शहरात मैदानं खोदून ते करण्यापेक्षा प्रत्येक नव्या प्लॉटवर एक टाकी फारच स्वस्त पडते.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. ड्रॉइंगवर हार्वेस्टिंगची आणि थोपवण्याची जागा वेगवेगळी दाखवा. कम्प्लिशन सर्टिफिकेटच्या (बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्याच्या) आधी कोणीतरी टाकीत उतरून आउटलेटचं भोक टेपने मोजा. आणि सोसायटीला ताबा देताना मराठीत एक पान द्या, टाकीच्या झाकणाजवळ भिंतीवर लावता येईल असं.

काकांना हा सगळा हिशोब तिथेच पार्किंगमध्ये खडूने मांडून दाखवला. त्यांनी बराच वेळ आकड्यांकडे बघितलं, मग म्हणाले, "म्हणजे मागच्या सप्टेंबरला आपल्या गेटासमोर गुडघाभर पाणी होतं, ते..." वाक्य पुरं केलं नाही. प्लंबरला फोन लावला. संध्याकाळी मी निघाले तेव्हा बूच निघालं होतं आणि टाकी उतरायला लागली होती. बागेसाठी वेगळी दहा हजार लिटरची टाकी कुठे बसवता येईल, हे बघायला पुढच्या रविवारी परत जातेय.