आंब्याच्या तिकिटाचे पाच लाख मिळत नाहीत, जुनी पाकिटं कापू नका

मागच्या महिन्यापासून आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय. परभणीच्या मित्रानं पाठवला, अंबाजोगाईच्या मावशीनं पाठवला, गावाकडच्या शेतकरी ग्रुपवर तर तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: १९६७ चं ५० पैशांचं आंब्याचं पोस्टाचं तिकीट घरात असलं तर ५ लाख रुपये मिळतात, ते जगातलं एकमेव फळाचं तिकीट आहे, त्यावर आपला मराठवाड्याचा केशर आहे, सरकारनं परत मागवलं म्हणून दुर्मिळ झालं, पाकिटावरून कापून काढा, साबणानं स्वच्छ धुवा, फोटो टाका आणि नोंदणीचे ९९९ रुपये भरा. मी शाळेत असल्यापासून तिकिटं जमवतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय, कारण ह्यात लोकांचे नुसते पैसे जायलेत असं नाही, त्याहून मोठं नुकसान व्हायलंय.

आधी जे खरं आहे ते. आंब्याचं ५० पैशांचं तिकीट खरंच आहे आणि १९६७ चंच आहे, आणि दिसायला सुंदर आहे.

पण दुर्मिळ? अजिबात नाही. तिकिटं दोन तऱ्हेची असतात. एखाद्या माणसाच्या नाहीतर प्रसंगाच्या आठवणीसाठी काढलेली, ती ठरावीकच छापतात आणि संपली की संपली. आणि दुसरी रोजच्या वापरातली, ती नाशिकरोडच्या प्रेसमधून लागतील तशी वर्षानुवर्षं छापली जातात. आंब्याचं तिकीट ह्या दुसऱ्या तऱ्हेतलं. त्याच मालिकेत चहाची पानं खुडणाऱ्या बाईचं १५ पैशांचं होतं, नॅट विमानाचं २० पैशांचं होतं, भाक्रा धरणाचं ५ रुपयांचं होतं. १९६५ पासून पुढं सत्तरच्या दशकात ही तिकिटं देशभर पाकिटांवर चिकटत होती. परत मागवायची भानगड इथं कुठंच नाही. शिक्का पडलेलं, वापरलेलं आंब्याचं तिकीट आजही एका चहाच्या आसपास पैशात मिळतं. मागं मूळ गोंद शाबूत असलेलं कोरं असलं तर जास्त मिळतात, पण लाखाच्या गावालाही जात नाही ते.

जुनं म्हणजे महाग हा समज तर सगळ्यात खोलवर बसलाय. जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, पेनी ब्लॅक, १८४० चं आहे, आणि तरी ते विकत मिळतं, कारण ते छापलंच होतं ६ कोटी ८० लाखांच्या वर. उलट ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट, जगात एकच माहीत आहे, ते २०२१ ला ८३ लाख डॉलरला गेलं. त्याची किंमत वयाची नाही, एकटेपणाची आहे. वयात दोघांमध्ये फक्त सोळा वर्षांचा फरक.

जगातलं एकमेव फळाचं तिकीट हे तर आंब्याच्याच मालिकेनं खोटं पडतं, तिच्यात ४ पैशांचं कॉफीच्या फळांचं तिकीट आहे. टोंगा नावाच्या बेटांच्या देशानं १९६९ ला चक्क केळाच्या आकारात कापलेली तिकिटं काढली होती, ब्रिटननं २००३ ला फळं आणि भाज्यांचा संच काढला आणि सोबत डोळे-तोंडाचे स्टिकर दिले, पोरांनी पाहिजे तसे चेहरे करून चिकटवायचे. फळांची तिकिटं हा जमवणाऱ्यांचा एक आख्खा विषय आहे, आयुष्य कमी पडेल एवढा.

केशरचा मुद्दा वाचून मलाही एक क्षण बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण केशर मूळचा जुनागढकडचा, हे नाव त्याला १९३४ मध्ये तिथल्या नवाबानं दिलं. आपल्याकडं बांधाबांधावर होता तो गावरान आंबा, आणि फळबागांना खरा जोर आला १९९० ला रोजगार हमीतून फळबाग योजना सुरू झाली तेव्हा. मराठवाडा केशरला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन मिळालंय, जालन्याच्या मोसंबीला आणि बीडच्या सीताफळालाही मिळालंय, आणि हे आपल्या शेतकऱ्यांनी पाण्याच्या टँकरवर झाडं जगवून कमावलेलं आहे. १९६७ च्या चित्रावर त्याचा शिक्का मारायची काही गरज नाही.

नोंदणी फीचं थोडक्यात सांगतो. ज्याला वस्तू विकत घ्यायचीय तो तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावानं हाच धंदा इतका वाढला होता की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं, असल्या व्यवहारात आम्ही नाही आणि आम्ही कुठलंही कमिशन मागत नाही. आता नाण्याच्या जागी तिकीट आलंय एवढंच. पोस्टसुद्धा जुनी तिकिटं परत विकत घेत नाही. ९९९ भरले की पुढं जीएसटी मागतात, मग विमा मागतात, मावशीचे असे साडेचार हजार गेले.

आणि आता ते कापायचं आणि धुवायचं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

साबण लावला की रंग उतरतो, कागद फुगतो, कोऱ्या तिकिटाचा गोंद गेला की त्याची निम्म्याहून जास्त किंमत तिथंच गेली. पण त्याहून वाईट म्हणजे कात्री. मावशीनं आंबा शोधायला सासऱ्यांची लोखंडी पेटी उघडली आणि दिसेल त्या पाकिटाचं तिकीट काढत गेली. त्या पेटीत निजामाच्या काळातली पत्रं होती. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात, संस्थानाचं स्वतःचं टपाल होतं, स्वतःची तिकिटं होती, १८७१ पासूनच्या तिकिटांवर तर उर्दू, इंग्रजी, तेलुगूसोबत मराठीतही किंमत लिहिलेली असायची. सुटं काढलं तर ह्यातली बहुतेक तिकिटं स्वस्तच आहेत. पण आख्खं पाकीट, त्यावर आपल्या तालुक्याच्या गावाचा शिक्का, तारीख, पत्ता, आणि ती तारीख जर सप्टेंबर १९४८ च्या मागंपुढं असली, तर तो त्या दिवसांचा कागद आहे, हैदराबाद मुक्त होत होतं तेव्हा कोण कोणाला काय कळवत होतं त्याचा. मी विचारलं, "मावशी, पाकिटं कुठंत?" तर म्हणाली, "अरे, तिकिटं काढल्यावर ती कशाला ठेवायची, बंबात घातली."

तिचा दोष नाही. मेसेजमध्ये तसंच लिहिलेलं होतं.

तर घरात पेटी असली तर पाकीट आहे तसं ठेवा, आतल्या पत्रासकट. वरचा टेप, स्टेपलरची पिन, प्लास्टिकची पिशवी काही नको, जाड वहीच्या पानांत सपाट ठेवा, उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर नको. तिकीट आधीच फाटक्या कागदावर सुटं असलं आणि काढायचंच असलं तर भोवती थोडा कागद सोडून कापा, साध्या पाण्यात उलटं तरंगत ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत आपोआप सुटतं, मग टिपकागदावर पालथं वाळवा. हल्लीच्या स्टिकरसारख्या तिकिटांना पाणी लावू नका.

आणि काय आहे ते कळत नसलं तर आख्ख्या पाकिटाचा दोन्ही बाजूंचा फोटो मला ग्रुपवर टाका. बघून सांगीन, पैसे लागणार नाहीत. तिकीट साधं असलं तर साधं म्हणून सांगीन.