भूल कुठली ते ठरेल, पण तिसऱ्या दिवसाचं काय?

दादाचं मूळव्याधीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे आणि गेले आठ दिवस घरच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय, कमरेत इंजेक्शन घ्यायचं की पूर्ण भूल. मामा म्हणतात मणक्यात सुई अजिबात नको, कंबर कायमची जाते, सिझरनंतर आत्याचं तेच झालं. वहिनीला वाटतं पूर्ण भूल दिली आणि जागच आली नाही तर काय करायचं. चुलतभावाने लेसरचा व्हिडिओ टाकलाय, दुखतच नाही म्हणे, दुसऱ्या दिवशी माणूस कामावर. मी एवढ्या लांब परदेशात बसून हे सगळं वाचतोय आणि आता गप्प बसवत नाहीये, कारण हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी इथे माझं झालंय. तेव्हा घरी फक्त "पोटाचं छोटं ऑपरेशन" एवढंच सांगितलं होतं. लाज वाटली होती, दुसरं काही नाही.

आधी कमरेतल्या इंजेक्शनचं बोलू. 1898 साली जर्मनीत आउगुस्ट बिअर नावाच्या सर्जनने ते पहिल्यांदा पेशंटला दिलं, मग स्वतःवरही प्रयोग करून घेतला आणि नंतर कित्येक दिवस त्याचं डोकं दुखत होतं, उठून बसलं की जास्त, आडवं झालं की कमी. ती डोकेदुखी आजही काही जणांना होते, पण सुया आता खूप बारीक आहेत, टोकही पेन्सिलसारखं असतं, त्यामुळे प्रमाण बरंच कमी झालंय. सुई टोचलेल्या जागी दोनचार दिवस ठणकतं. पण कायमची कंबरदुखी त्या सुईमुळे लागते ह्याला पुरावा नाही. आत्याची कंबर दुखते हे खरंच आहे, मी ते खोटं म्हणत नाहीये, पण बाळंतपणानंतर कंबर दुखायला दुसरी कारणं पुष्कळ असतात आणि दोष सगळा सुईवर जातो.

शिवाय मूळव्याधीसाठी बऱ्याचदा सॅडल ब्लॉक देतात, म्हणजे औषध टोचून पेशंटला काही मिनिटं बसवूनच ठेवतात, औषध जड असल्याने खाली उतरतं आणि घोड्यावर बसल्यावर खोगीर जिथे टेकतं साधारण तेवढाच भाग बधिर होतो. ह्यातला खरा त्रास वेगळाच आहे आणि त्याबद्दल ग्रुपवर कोणी चकार शब्द काढला नाही, तो म्हणजे लघवी अडकणे. त्यात सलाईन भरपूर गेलं असेल तर अजूनच.

पूर्ण भुलेत मळमळ होते, नळी टाकल्यामुळे घसा दुखतो, पण निरोगी माणूस त्यातून जागाच होत नाही असं होणं फार म्हणजे फारच दुर्मिळ आहे. तिसरा पर्याय जागेवरची भूल आणि सोबत गुंगी, तोही निवडक पेशंटमध्ये चांगला चालतो. माझं स्पष्ट मत, ह्या तिन्हीपैकी काय ते भूलतज्ज्ञाने दादाला तपासून, त्याच्या बीपीच्या गोळ्या बघून ठरवावं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कमरेतल्या इंजेक्शनचा विचारच वेगळा होतो, हे मामांना कसं कळणार आणि मला तरी कसं कळणार.

पण भूल कुठलीही घेतली तरी ती काही तासांत उतरते, आणि सगळी घरदारं भांडतात त्या दोन तासांवर! पुढच्या दोन आठवड्यांबद्दल कोणी बोलत नाही.

गुदद्वारात थोडं आत एक डेंटेट लाइन, म्हणजे दातेरी रेघ असते. तिच्या वरच्या भागाला कापल्याचं तसं कळत नाही, म्हणून वरच्या मोडांना रबर बँड लावतात तेव्हा बहुतेकांना दडपण जाणवतं पण असह्य दुखत नाही. तिच्या खाली मात्र बोटाच्या टोकाइतकी तिखट जाणीव असते आणि कापून काढायच्या ऑपरेशनची जखम नेमकी तिथपर्यंत येते. शिवाय त्या जखमेमुळे आतला स्नायू आवळून धरतो, आवळला की दुखतं, दुखलं की अजून आवळतो.

माझं सांगतो. इथे भूलतज्ज्ञाचा आधीच फोन आला होता, वीस मिनिटं बोलली, पर्याय सांगितले, मला काय हवं ते विचारलं, असं कोणी विचारतं ह्याचंच मला अप्रूप वाटलं. संध्याकाळी घरी सोडलं, हातात छापील कागद आणि दुखण्यावरच्या कोडीनच्या गोळ्या. पोट साफ व्हायचं औषध "बद्धकोष्ठता झाल्यास" असं लिहिलेलं, मी म्हटलं अजून झालेली नाही मग कशाला घ्या. पहिली रात्र बरी गेली, आणि कोडीनने पोट गच्च धरलं. तिसऱ्या दिवशी पहाटे शौचाला गेलो तेव्हा वॉश बेसिनची कड दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, टाइल्समधल्या रेघा मोजत, एकशे चाळीसपर्यंत मोजल्याचं आठवतंय, घाम पाठीवरून खाली चालला होता आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. कागदावरच्या नंबरला फोन केला तर सकाळी आठनंतर करा असं रेकॉर्डिंग लागलं. घरी फोन करावा असं खूप वाटलं पण घरी तर पोटाचं ऑपरेशन सांगितलेलं.

म्हणून परदेशात सगळं छान आणि आपल्याकडे सगळं वाईट असं मी म्हणणार नाही. मला विचारलं सगळं गेलं पण तिसऱ्या दिवशी मी एकटा होतो. दादाच्या भोवती दहा माणसं असतील पण त्याला अजून कोणी विचारलेलं नाही की बाबा तुला भीती कशाची वाटते. दादाने स्वतः ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही, बघितलं का कोणी?

लेसरचं थोडक्यात. सुरुवातीचं दुखणं कमी असतं हे खरं आहे, पण मोड पुन्हा येण्याची शक्यता कापून काढण्यापेक्षा जास्त आणि खूप मोठ्या मोडांना ते पुरत नाही. स्टेपलरचीही, म्हणजे मोड कापण्याऐवजी यंत्राने वर ओढून पिना मारायच्या ऑपरेशनचीही गोष्ट तशीच, ब्रिटनमध्ये 777 पेशंटची ईथॉस नावाची ट्रायल झाली होती, 2016 मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आली, त्यात स्टेपलरवाल्यांना सुरुवातीला कमी दुखलं पण दोन वर्षांच्या हिशोबात जुनं कापायचं ऑपरेशनच सरस ठरलं. कमी दुखणं हवंच, पण त्या व्हिडिओत ही दुसरी बाजू कुठेच नाही.

मग दादाने काय विचारायचं? माझ्या मते पहिला प्रश्न हा की कमरेतलं असो वा पूर्ण, त्यासोबत पुडेंडल ब्लॉक (गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसेजवळ टोचून तेवढा भाग बधिर करणं) किंवा जखमेभोवती लांब टिकणारं औषध देणार का. त्याने भूल उतरल्यानंतरचे पहिले काही तास, कधी कधी पहिली रात्रसुद्धा, खूप सोपी जाते, आणि हे विचारायला कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही, मूळव्याधीच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या एका गटाने काढलेल्या प्रॉस्पेक्ट गाइडलाइन्समध्येही हा ब्लॉक आहे. मग पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारी गोळी दुखायची वाट न बघता घड्याळ लावून घ्यायची की कशी, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर दुसरी कुठली. मेट्रोनिडाझोल ह्या अँटिबायोटिकचा दुखणं कमी व्हायला उपयोग होतो, डिल्टियाझेमचं मलम आवळलेला स्नायू सैल करतं, ती देणार का. आणि पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच, हे मी दहा वेळा सांगेन, बद्धकोष्ठता झाल्यावर नाही! कोमट पाण्यात दहापंधरा मिनिटं बसणं, दिवसातून दोनतीनदा आणि शौचानंतर तर नक्कीच, ह्यासारखा आराम मला कुठल्याच गोळीने दिला नाही.

लघवी होत नसेल, ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं तर थांबायचं नाही. आठदहा दिवसांनीही अचानक जास्त रक्त जाऊ शकतं, तेव्हा सरळ हॉस्पिटल. रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर आधीच घेऊन ठेवायचा आणि स्वतः लावून बघायचा.

हे सगळं मी काल रात्री ग्रुपवर टाकलं, माझ्या ऑपरेशनसकट. आईने फक्त "सांगितलं का नाहीस" एवढंच लिहिलं. दादाचा मेसेज ग्रुपवर नाही, मला वेगळा आला, पहिल्यांदा जाताना खूप दुखतं का रे. मी म्हटलं हो दादा, दुखतं, पण माझ्याइतकं दुखायची गरज नाहीये, पहिले चारपाच दिवस कठीण, दोन आठवड्यांत बरंच कमी होतं, जखम पूर्ण भरायला महिना दीड महिना लागतो. तिसऱ्या दिवशी पहाटे फोन कर, इथे काय वाजलेत ते बघू नकोस.