रात्री १० नंतर ईव्ही चार्ज केली की वीज स्वस्त? नाय हो!

साताऱ्यातल्या आमच्या ग्रुपवर परवापासून हेच फिरतंय, रात्री १० नंतर गाडी चार्जिंगला लावा, युनिट स्वस्त पडतं म्हणून. अहो, उलटं आहे! महावितरणनं १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना जी सवलत जाहीर केली ती सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ची, युनिटमागं ८० पैशांपासून, आणि तीपण टीओडी मीटर (कुठल्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा) असेल तरच. रात्रीची सवलत पूर्वी कारखान्यांना असायची, तिथूनच गल्लत झाली असणार.

दुपारी सोलर भरपूर असतं म्हणून स्वस्त, रात्री सगळा भार मुख्यतः कोळशावर. चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत म्हणाल, तर त्यांचा खरा जोर पावसाळ्यात.

स्कूटरची बॅटरी ३ युनिटची धरली तर वाचणार अडीचेक रुपये, त्यात कटिंगपण येत नाय, पण कारवाल्यांनी रविवारी दुपारीच लावावी. मी जेवायला घरी आलो की लावतो, जिन्याखालच्या सॉकेटला.