खुलासा: पर्णरंध्रे फक्त साखरेने उघडत नाहीत

‘उजेड पडला की रक्षक पेशींतल्या स्टार्चची साखर होते, साखर पाणी ओढते आणि पर्णरंध्र उघडते’ हे वाक्य परीक्षेच्या नोट्समधून अजूनही फिरते आहे. (पर्णरंध्रे म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रे; रक्षक पेशी म्हणजे प्रत्येक छिद्राच्या कडेची, ते उघडणारी-मिटणारी पेशींची जोडी.) सकाळच्या उघडण्याचे हे कारण फार अपुरे आहे.

निळ्या प्रकाशाने पेशीपटलातले पंप प्रोटॉन बाहेर टाकतात, आतला ऋणभार वाढतो आणि पोटॅशियमचे आयन आत ओढले जातात. त्यांचा धनभार तोलायला बाहेरून क्लोराइड येते, शिवाय पेशी स्वतः मॅलिक आम्ल तयार करते. मग पाणी आत शिरते, पेशी फुगतात आणि रंध्र उघडते. कांद्याच्या रक्षक पेशींत तर स्टार्च नसतोच, तरी त्याची रंध्रे छान उघडतात. तिथे क्लोराइडवर भागते! साखरेचेही काम आहेच: बाकल्याच्या पानात दुपारी पोटॅशियम घटते, तेव्हा सुक्रोज रंध्र उघडे ठेवते.