‘शिकायचं असेल तो शिकतोच’: खरंच?

‘फी सरकार भरतं, शिष्यवृत्ती आहे, नव्या शैक्षणिक धोरणात मधेच सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं. तरी कॉलेज सोडणारा आळशीच.’ हा फॉरवर्ड सगळ्यांनी वाचलाय.

फी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयातली मुलींची पूर्ण सवलत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांना, व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे. त्यातही शिक्षण आणि परीक्षा शुल्कच. खोली, मेस, एसटी त्यात नाही. मुलींचा एसटी पास बारावीपर्यंत फुकट, एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, विकत. राधानगरी-शाहूवाडीकडून रोज कोल्हापूरला येणाऱ्या मुलीच्या घरी हा नवा खर्च पहिल्याच महिन्यात दारात उभा राहतो. नुसत्या फीमाफीने भागलं असतं तर शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं कशाला काढली असती?

शिष्यवृत्ती. खरी गोम इथं आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटी निघाली की ‘सेंड बॅक’ होतो. मुदतीत दुरुस्त करून परत सादर केला नाही तर तिथंच संपला. मंजूर झाला तरी पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली असं नाही. आधार कुठल्या खात्याला जोडलंय याची नोंद ठेवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत ते खातं दिसावं लागतं. तिथं शेवटी जोडलेलं खातंच धरतात. मधे दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडून आधार जोडलं, की हप्ता तिकडं आणि पोरगं जुन्या पासबुकात एन्ट्री मारत बसलंय. शिवाय पुढच्या वर्षी रिन्यूअल झालं का, तेही बघावं लागतं.

सर्टिफिकेट. पहिल्या वर्षाचे सगळे क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक) आणि वर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप, तेव्हा ते मिळतं. गळणाऱ्याचे बहुधा दोन-तीन विषय राहिलेले असतात. त्याच्या हाती काहीच येत नाही. सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडणाऱ्याला मात्र परत यायची वाट तीन वर्षं खुली असते, एवढं त्याला सांगाच.

आळशी? शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळच्या तासाला डुलक्या घेणाऱ्याला हा शब्द लावून बघा.

मेंटॉर शिक्षकांनी दर पंधरा दिवसांनी हजेरी बघावी. सलग आठवडाभर गैरहजर दिसला की फोन, तोही आधी घरी नको, त्यालाच. ‘का येत नाहीस’ऐवजी ‘कामाची शिफ्ट किती ते किती’ विचारा. परीक्षा फॉर्म न भरलेल्यांची यादी मुदतीच्या आठ दिवस आधी काढा. मुदत उलटल्यावर लेट फी लागते, आणि फॉर्म बहुतेक वेळा पैशासाठीच अडलेला असतो.