मुक्कामी गाडीचे किलोमीटर कोण विकत घेणार?

एसटीचा तोटा छापून आला की गावाकडे दोन तट पडतात. एक म्हणतो, महिलांच्या अर्ध्या तिकिटानं वाट लावली. दुसरा म्हणतो, जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, आणखी किती पिळणार? इंग्लंडमध्ये बसून हे वाचताना वाटतं, दोघांचीही नजर वाहकाच्या बॅगेवरच.

मुक्कामी गाडीचा, म्हणजे रात्री खेड्यात थांबून सकाळी परतणाऱ्या एसटीचा, हिशेब मांडा. आगारापासून ३० किलोमीटरवरचं गाव म्हणजे पाच टप्पे, पूर्ण तिकीट साधारण ५० रुपये. गाडीत २० माणसं: १२ बाया अर्ध्या तिकिटावर, ४ पोरं पासवर, ४ जण पूर्ण भाड्याचे. बॅगेत ५०० रुपये, जाऊन-येऊन हजार. लिटरला साडेचार किलोमीटर धरले तर ६० किलोमीटरला सव्वातेरा लिटर डिझेल, ९० च्या भावानं बाराशेच्या घरात. पगार, टायर, सुटे भाग अजून धरलेच नाहीत. सवलतीपोटी शासनाकडून यायचे ६०० रुपये वेळेवर आले, तरी ही फेरी तोट्यातच. आणि सवलत काढली तर त्या बारांपैकी किती जणी गाडीत राहतील?

घसरण सुरू होते ती आगारात. नागपूरची गाडी बंद पडली की बदलीला आधी खेड्याच्या फेरीची गाडी ओढतात. तिचं किलोमीटरमागचं उत्पन्न कमी ना! फेरी दोनदा रद्द झाली की काळीपिवळीवाल्याचं फावतं. तो एसटीच्या पाच मिनिटं आधी निघतो आणि पूर्ण भाड्याचे चौघं उचलतो. भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, आणखी पडतं, मग ‘प्रतिसाद नाही’ म्हणून फेरीच बंद.

इंग्लंडमध्ये एप्रिल २००८ पासून ज्येष्ठांना देशभर बस फुकट आहे, एरवीच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर. भरपाई ना नफा ना तोटा या तत्त्वावर: केवळ फुकट म्हणून झालेले प्रवास वजा करून उरलेल्यांचं भाडं, वर जादा गर्दीचा खर्च. कंपन्या कुरकुरतात, ते सोडा. खेड्यातल्या तोट्याच्या फेरीचं खातं मात्र वेगळं. तिथं स्थानिक कौन्सिल निविदा काढून फेरीच विकत घेते, वेळा आणि खेपा करारात लिहून. २०१० नंतर कौन्सिलांचा पैसा आटला आणि अशा पुष्कळ फेऱ्या गेल्या, त्यामुळे इथलं जसंच्या तसं उचला असं मी म्हणणार नाही. पण फेरी कोणी तोडली, हे निदान गावाला कळतं.

विदर्भाला हे नवं नाही. मानव विकास मिशनच्या गाड्या शाळेच्या पोरींसाठी सरकारनेच दिल्या. तोच नियम मुक्कामी गाडीला लावा. जिल्ह्यानं किलोमीटरचा दर ठरवावा, डिझेलबरोबर तो हलावा, रद्द फेरीचे पैसे कापावेत. आणि चालक-वाहकाला झोपायला पंख्याची खोली नि पाणी ग्रामपंचायतीनं द्यावं; तेवढंही नसलं तर त्या मुक्कामाची ड्युटी कोणी खुशीनं घेत नाही.