खरवडणी

आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीला टेकून कुणी बसलं, तर उठताना त्याच्या पाठीवर आमचा रंग असायचा. पाहुणा पाठ झटकत घरी जायचा आणि आम्ही ‘या पुन्हा’ म्हणायचो.

शेवटी रंगारी बोलावला. त्याने भिंतीवरून तळवा फिरवला आणि पांढरा झालेला तळवा मला दाखवला. मग एका पोपड्याला नख लावलं, तर वीतभर रंग पापडासारखा हातात आला. ‘‘भाऊ, हे रंगाचं काम नाही, खरवडायचं आहे.’’

घरातल्यांना मात्र रंगाचंच काम हवं होतं. आईला होता तोच पिवळा, बायकोला ‘डोळ्यांना थंड’ काहीतरी आणि लेकाला राखाडी. राखाडी म्हणजे गिलावा करून पैसे संपले, असं आईचं ठाम मत.

शेडकार्ड हातोहाती फिरत असताना बाहेर परांची बांधून लोखंडी पट्टी आणि तारेचा ब्रश चालू झाला. वरच्या इमल्शन रंगाखाली सिमेंट पेंट निघाला आणि त्याच्याखाली चुना. ‘‘भुकटीवर इमल्शन लावलं की ते भिंतीला नाही, भुकटीला चिकटतं,’’ रंगाऱ्याने सांगितलं. भुकटी निघाली की तेही निघालं. त्यात आमचं घर कोकणातलं, भिंती जांभ्याच्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभा पोटभर पाणी पितो, वरचा सिमेंटचा गिलावा त्याला लवकर वाळू देत नाही. मग ऊन पडलं की ओल बाहेर यायला बघते आणि वाटेत नेमका आपला रंग उभा असतो. जाताना ती क्षारही मागे ठेवते. ते पाण्याने पुसायला मी फडकं घेतलं, तर रंगारी ओरडलाच. क्षार कोरड्या ब्रशनेच झाडायचे. पाणी लावलं की विरघळून परत आत. उलट शेवाळाला ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून, भिंत धुऊन, पुन्हा वाळवायची. म्हणजे इतके दिवस वाळवलेलीच भिंत भिजवायची. मी काही बोललो नाही.

खरवडलेलं घर इतकं केविलवाणं दिसायला लागलं, की एक गृहस्थ ‘विकायला काढलंय का?’ म्हणून भाव विचारून गेले.

पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडावरची. तिथला पोकळ गिलावा पाडून नवा केला. त्याला रंगाआधी चार आठवडे तरी द्यायला हवेत, आणि दिवाळी तर दारात. रंगाऱ्याने तोडगा काढला, ‘‘पुढची भिंत दिवाळीला, पश्चिमेची तुळशीच्या लग्नानंतर. तेवढी शेड सांगा.’’

शेड काही ठरली नव्हती. तो पुढच्या भिंतीला प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारून दुसऱ्या कामावर निघून गेला.

भाऊबीजेला आलेल्या मेहुण्यांनी अंगणात उभं राहून मान डोलावली. ‘‘वा! किती सोबर. शेड कुठली हो ही?’’

‘‘प्रायमर,’’ मी म्हणालो.

त्यांनी मोबाईलमध्ये नाव टिपून घेतलं.